शेवटचं नाव

हॅनकॉक, मिशिगन
४ मार्च १९९७

चि. रेइनो यास,
अ. आ. वि. वि.

खोक्यातली वस्तू तुझ्या वाढदिवसाची. आमच्या चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली. कोणी आणून टाकली, कोणाला ठाऊक नव्हतं. जाड वहीएवढा संगणक, त्याला जेमतेम आठ ओळींचा पडदा. माणसं मिठाई बघून हरखतात, तू भंगार बघून, म्हणून उचलला.

इथे अजून कमरेएवढा बर्फ आहे. तू तळघरातून अधूनमधून वर येत जा, नाहीतर डुलुथमध्ये वसंत आलेला तुला कळायचाही नाही.

बहिणीवरचा लोभ नुसता मनात ठेवू नकोस, कागदावर उतरव.
तुझी सायमाताई


डुलुथ, मिनेसोटा
१२ मार्च

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, काय माल पाठवलास! असा मी आजवर फक्त चित्रात पाहिला होता. चार साधे सेल घातले आणि पठ्ठ्या लगेच चालू झाला. पडद्यावर साठवलेल्या मजकुरांची एकोणीस नावं आली. पहिलं ‘सकाळ’, शेवटचं ‘लेम्पी’. जुन्या यंत्रात कुणाचं काही सापडलं तर वाचायचं नाही, पुसून टाकायचं, असा आम्हा छंदिष्टांचा शिरस्ता आहे. तरी बटणं तपासताना ‘सकाळ’ उघडलंच. आत एकच ओळ होती: कॉफीतून कपाचा तळ दिसतोय. पातळ कॉफीवर असा कुरकुरणारा हा नक्की आपल्यापैकीच कोणी फिनिश म्हातारा असणार. एकटाच खो खो हसलो.

मग सेल काढून खोललं. मागचे चार स्क्रू काढले की दोन्ही भाग अक्रोडासारखे सुटतात. बटणांखाली वेलदोड्याच्या पावाचा चुरा होता आणि एक पांढरा केस. सगळं स्पिरिटनं पुसलं. आतल्या सर्किटच्या पट्टीवर वालाएवढी बॅटरी असते. मुख्य सेल काढले तरी यंत्राची आठवण ती जपते. ती पाझरून हिरवी झाली होती. तशी बॅटरी पट्टी खाते, म्हणून दिसली की आधी ती कापायची, मग बाकीचं. कापली. आता यंत्र नुकतं जन्मल्यासारखं कोरं करकरीत आहे!

या भेटीनं मागच्या वाढदिवसांच्या सगळ्या मोज्यांची भरपाई झाली. लोभ वाढतोय, आवर.
तुझा रेइनो


हॅनकॉक
१३ मार्च

चि. रेइनो यास,
अ. आ.

कालपासून फोन करतेय, तुला तळघरात ऐकू येत नाही. ते यंत्र उघडू नकोस. उघडलं असशील तर हात थांबव.

ते लेम्पीकाकूंचं आहे, पलीकडच्या गावच्या. त्यांचे यजमान वाइनो घशाच्या ऑपरेशननंतर बोलू शकत नव्हते. जे सांगायचं ते त्यावर टाइप करून दाखवायचे. जाण्याआधी त्यांनी बायकोसाठी काही लिहिलं आणि मी गेल्यावर वाच म्हणून खूण केली. मोतीबिंदूमुळे काकूंना ती करडी अक्षरं दिसेनात, आणि नवऱ्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं. म्हणून तीन वर्षं त्यांनी ते स्वयंपाकघरात विजेला लावून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात डोळ्यांचं ऑपरेशन केलं ते एवढ्यासाठीच. त्या इस्पितळात असताना लेक कॅरोल आवरायला आली. कॉफीच्या विजेच्या भांड्याची प्लगची जागा हा डबा अडवतो म्हणून तिनं तो चर्चला दिला.

काल काकू चर्चमध्ये आल्या. मीच घेतल्याचं सांगितलं आणि माझा भाऊ यातला जाणकार आहे, असंही मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

ताबडतोब कळव.
सायमाताई


डुलुथ
१७ मार्च

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुला मिळालंच असेल.

दोन जाणत्या मित्रांना विचारलं. एकानं आठवण साठवणाऱ्या चिपबद्दल बरंच सांगितलं. दुसरा नुसतं अरेरे म्हणाला. अर्थ एकच. वीज तुटली की गेलं. डॉलर ओतून काय, महिनाभर जागून काय, उपाय नाही.

ताई, पाझरत्या बॅटरीवर ते सगळं पोस्टाच्या गाडीतून इथवर सुखरूप आलं होतं. शेवटचं नाव माझ्यासमोर होतं. दुसऱ्याचं वाचायचं नाही म्हणून मी उघडलं नाही.

नवी बॅटरी बसवून यंत्र परत पाठवतोय. माझ्याकडे कॉफीची ती एक ओळ आहे. सांगायची की नाही, तू ठरव. मला समजत नाही.

रागव हवी तेवढी, पण दूर लोटू नकोस.
रेइनो


हॅनकॉक
३० मार्च

चि. रेइनो यास,
अ. आ. वि. वि.

यंत्र पोचलं. मीच घेऊन गेले. कॉफीची ओळ सांगितली तर काकू डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. म्हणाल्या, रोज सकाळी हेच लिहून नाकासमोर धरायचा मेला. मग शांतपणे विचारलं, बाकीचं? टेबलावरच्या कापडाची नक्षी बघत मी सगळं पुसलं गेल्याचं सांगितलं. त्यात ‘लेम्पी’ नावाचा मजकूर होता, हे मात्र बोलले नाही. जमलं नाही.

तुझ्यावर त्यांचा राग नाही. रागावल्या असत्या तर मला उठून जाता आलं असतं. त्यांनी कॉफी केली, चुलीवर, कारण भिंतीतल्या त्या प्लगच्या जागी पुन्हा यंत्राची वायर गेली आहे. कॉफी काळीकुट्ट होती. कपाचा तळ शेवटपर्यंत दिसला नाही.

मी निघेपर्यंत त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, ती कॉफीची ओळ टाइप केली. नाव ‘सकाळ’च दिलं, कसं द्यायचं ते मी तू यंत्रासोबत पाठवलेल्या सूचनांच्या कागदावरून वाचून सांगितलं. वादळात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज जाते. तशी गेली तर ओळ किती दिवस टिकेल, असं त्यांनी विचारलंय.

नीट मोजून दिवस कळव. अंदाज नको.

तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.
सायमाताई