होडीतला कोबी

तोआकाई,

पहाटे मोठी भरती आली. किनाऱ्यावरून नाही, अंगणातल्या जमिनीतूनच पाणी वर आलं. चुलीपाशी गुडघाभर खारं पाणी, आणि मधोमध तुझा वाफा. माझी जुनी होडी दगडांवर चढवून तू तिच्यात माती भरलीस, म्हणून महिनाभर मी तुझ्याशी धड बोललो नाही. ‘पीक घ्यायला खाली खणतात, वर चढवत नाहीत,’ असं सभाघरात सगळ्यांसमोर म्हणालो. आज तीच होडी कोबी घेऊन पाण्यात उभी होती. एका पानालाही मीठ लागलं नव्हतं. किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. कोंबड्याही तिच्याच काठावर चढून बसल्यात, त्यांना हाकल.

आजोबांनी गोडं पाणी लागेपर्यंत खणलेल्या लागवडीच्या खड्ड्यात खारं पाणी शिरलंय. त्यातले बाबाई अळूचे कंद सडायच्या आत काढायला जातोय. तू येऊ नकोस, माझं मला काढू दे. मासा झाकून ठेवलाय.

खड्ड्याची विद्या घराबाहेर सांगायची नाही, अशी आजोबांनी माझ्याकडून शपथ घेतली होती. ती मी पाळली. संध्याकाळी तुझी विद्या मला शिकव. ती मात्र मी गावभर सांगणार आहे.

– बाबा