खिंडारातल्या खाटा

देवपूर, धुळे
ता. ८ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद. त्यांच्या मागोमाग राग येतो आहे, तोही घे.

तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू 'बघतो अक्का' म्हणालास आणि ठेवून दिलास. मी जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली आहे. फोनवर माणूस किती सहज सुटतो हे मला शिकवू नकोस. म्हणून कागद.

परवा गुरुवारी जुई शाळेतून हरवली होती. स्वप्नीलची मुलगी, म्हणजे तुझीही नात. आणि शाळा ती, जी आपल्या आबांनी काढली आणि जिचा तू जळगावात बसून अध्यक्ष आहेस. तुझ्या मुख्याध्यापकांनी तुला कळवलं नसेल, म्हणून मी कळवते.

दिवाळीनंतर तुम्ही शाळेचं मैदान लग्नांना देता. केटररचा टेम्पो पुढच्या फाटकातून वळत नाही, म्हणून मागची भिंत पाडलीत. एक लग्न झालं की लगेच दुसरं, मग भिंत बांधायची कशाला, असा हिशेब. तिथे आता हिरवी कनात लावली आहे. कनात म्हणजे भिंत, असं तुमच्या संस्थेत कोणाला वाटतं त्याचं नाव मला कळव.

गुरुवारीही लग्न होतं. लग्नाच्या दिवशी शाळेत खिचडी शिजत नाही, मुलं वऱ्हाडाच्या पंगतीत जेवतात, हे मला परवाच कळलं. जेवणाच्या सुट्टीत नवरदेवाची घोडी खिंडारातून बाहेर निघाली आणि जुई तिच्यामागे निघाली. सहा वर्षांचं पोर, घोडी दिसल्यावर आणखी काय करणार? ती वाजंत्रीच्या मागे पांझरेच्या पुलापर्यंत गेली. तिथे घोडी हायवेकडे वळली आणि ही घाबरून कठड्याशी बसली. शाळेबाहेर बोरं विकणाऱ्या भिकुबाईने तिला ओळखलं आणि हाताला धरून परत आणलं.

आता ऐक. ती परत आली तेव्हा तिच्या वर्गात गणित चाललं होतं. बाईंना ती नाही हे माहीतच नव्हतं. भिकुबाईचा निरोप मिळताच मेघा शाळेत धावली, तर मुख्याध्यापक बाविस्कर तिला म्हणाले की हजेरी सकाळी घेतली होती, आणि दुपारी पोरगी दिसली नाही तेव्हा पंगतीत बसली असेल असं वाटलं. लग्नाच्या दिवशी मुलं उशिरापर्यंत जेवतातच, मॅडम. हे वाक्य ते माझ्या सुनेला हसत हसत म्हणाले.

मला आबांनी भुसावळला नन्सच्या शाळेत ठेवलं होतं. एकदा तू मला न्यायला आलास आणि चिठ्ठी विसरलास, तर सिस्टरांनी तुला फाटकाबाहेर उन्हात उभं केलं होतं. तू रडलास. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आता त्यांच्यातली एक बाविस्करांच्या खुर्चीत हवी होती.

आठ दिवसांत भिंत उभी कर. फाटकावर माणूस ठेव. जेवणानंतर मुलं पुन्हा मोजायला सांग. शाळेच्या दिवशी लग्न नको. जास्त काही मागत नाही.

घरच्यांना आशीर्वाद. माझा लोभ आहेच, पण तो कनातीसारखा समजू नकोस.
तुझी,
अक्का


जळगाव
ता. १३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्कास,
अभिमनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र म्हणजे हेडमिस्ट्रेसने पालकाला पाठवलेली नोटीस. लखोट्यावर 'सौजन्याने वाच' असं लिहायला हवं होतंस.

जुईचं ऐकून मलाही धक्का बसला. बाविस्करांना मी झापलं आहे. पण पोरगी सापडली, देवाची कृपा. एका घोडीवरून तू संस्थेचा पंचनामा करायला निघालीस.

अक्का, शाळा कशावर चालते हे तू कधी विचारलं नाहीस. सरकारी अनुदान कधी येतं ते सरकारलाही माहीत नसतं. पत्रे, बाकं, शिपायाचा पगार, हे सगळं मैदानातून निघतं. आणि पंगतीबद्दल बोलतेस, तर लग्नघरचे लोक शाळेच्या पोरांना आग्रहाने बसवतात, ते पुण्य समजतात. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी सोडून कोणत्या पोराला खिचडी हवी आहे? तुला तरी हवी होती का? तुझ्या नन्स तुम्हाला उकडलेली कोबी घालायच्या, तूच सांगायचीस.

भिंत मी मे महिन्यात बांधतो. आत्ता बांधायची आणि आठ दिवसांनी पुन्हा पाडायची, याला शहाणपण म्हणत नाहीत. आणि आता खरं कारण सांगतो, कारण तुझ्यापासून लपवून काय उपयोग. आपल्या पुनमचं लग्न पाच मार्चला त्याच मैदानावर ठरलं आहे. सोनगीरची मंडळी आहेत, वऱ्हाड मोठं. आजोबांनी काढलेल्या शाळेत नातीला हळद लागावी, ही माझी फार दिवसांची इच्छा. टेम्पो त्याच वाटेने येणार. तुझ्या स्वप्नीलचं लग्नही तिथेच झालं, तेव्हा तुझी तक्रार नव्हती.

पत्रिका छापायला टाकल्या आहेत. निमंत्रकांत तुझं नाव सगळ्यात वर. आता तरी हस.

मेघाला समजाव, तिने पालकांचा जो ग्रुप तापवला आहे तो थंड कर. माझा मान तुझ्या हातात आहे. आशीर्वादाची छत्री माझ्यावर धर.
तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन,
आशीर्वाद.

स्वप्नीलचं लग्न मे महिन्यात झालं. शाळेला सुट्टी होती, भिंत शाबूत होती आणि वऱ्हाडाच्या बस रस्त्यावर उभ्या होत्या. तुझी स्मरणशक्ती तुझ्या सोयीने चालते, ती लहानपणापासूनच.

पुनमचं लग्न तिथे आहे हे तू मला पत्राच्या शेवटी, पत्रिका छापायला टाकल्यावर सांगतोस. मला न विचारता माझं नाव वर घालतोस. म्हणजे उद्या दुसरं पोर हरवलं, तर त्याच्या आईच्या हातात माझ्या नावाची पत्रिका असेल.

ग्रुप मेघाने तापवला नाही. तो आधीच तापलेला होता, कोणी झाकण उचललं नव्हतं. शनिवारी पालकसभा झाली. बाविस्करांनी पंखे लावून ठेवले होते, पण त्यांना घाम फुटला. तिसरीतल्या मुलाची आजी बेबाबाई उभी राहिली आणि तिने त्यांना विचारलं की हाई शाळा शे का मंगल कार्यालय. ते म्हणाले, अध्यक्षांना विचारा. बेबाबाई म्हणाली की अध्यक्ष जळगावात, पोरं आठे देवपुरात, मग कोण देखी? सगळ्या बायका हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं, अभिमन. तू तिथे असतास तर तुला कळलं असतं.

आता आम्ही काय ठरवलं ते सांगते. सध्या पापड, ज्वारीच्या बिबड्या घालायचे दिवस आहेत. प्रत्येक घराला ऊन लागतं, खाटा लागतात, मोकळी जागा लागते. तुमच्या खिंडारात ऊन भरपूर आहे. कालपासून आम्ही तिथे आडव्या खाटा टाकल्या आहेत आणि त्यांवर बिबड्या वाळत आहेत. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत पालक पाळीने बसतात. माझी पाळी सकाळची. मी छत्री, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र घेऊन जाते. कोण आत जातं, कोण बाहेर येतं, ते आम्ही बघतो. जे काम तुमच्या संस्थेने करायचं ते.

काल एक केटरर आला होता. बिबड्या उचला म्हणाला. मी त्याला म्हटलं की ओल्या बिबड्या उचलल्या तर मोडतात, वाळेपर्यंत थांबा. त्याने विचारलं कधी वाळतील. मी म्हटलं, भिंत झाली की.

पुनमवर माझी माया आहे, ती तुझ्या मैदानावर अवलंबून नाही. धुळ्यात कार्यालयं आहेत. तारीख ठेव, जागा बदल. बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. तिच्या लग्नाच्या दिवशी एखादं पोर हायवेवर जावं, असं तुला वाटतं का?

उत्तर लवकर दे. लोभ धरून बसले आहे, खाटेवर.
तुझी,
अक्का


जळगाव
ता. २१ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अक्का,
साष्टांग नमस्कार.

पुरे झालं भांडण. तू मोठी, मी लहान, मी माघार घेतो. लोक काय म्हणतील, अध्यक्षाची बहीणच खाटा टाकून बसली? सोनगीरकरांच्या कानावर गेलं आहे.

सोमवारी प्रेमराज तुला न्यायला येतो आहे. पुनमचा भाऊच मुराळी म्हणून पाठवतो, आणखी काय मान देऊ? लग्न होईपर्यंत जळगावला आमच्याकडे राहा. भिंतीचं आपण समोरासमोर बसून बोलू. मुराळी आला की बहिणीने कारण विचारायचं नसतं, हे तुला सांगायला नको.

येताना कळण्याचं पीठ आण, पुनमला तुझ्या हातची भाकरी खायची आहे. वाट पाहतो. माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
ता. २४ फेब्रुवारी २०२५

अभिमन,

हे पत्र प्रेमराजच्या हातीच देते आहे.

तो सकाळी आला तो आमच्या घरी नाही, सरळ शाळेमागे. गाडी त्याची आणि गाडीच्या मागे मंडपवाल्याचा टेम्पो, बांबू भरलेला. मला वाटलं योगायोग असेल. माझी पाळी संपली तशी पोराला घरी नेलं, ताट वाढलं. त्याच्या पोटात अन्न जातं तेव्हा बोलणं बाहेर पडतं, हे तू बाप असून विसरलास. दुसरी भाकरी वाढली तेव्हा त्याने सांगितलं, की बाबा म्हणाले आत्याला आधी गाडीत बसव, ती उठली की बाकीच्या बायका आपोआप उठतील, मग टेम्पो आत घ्या.

माहेरचं मूळ आलं की आपल्या घरातली बाई चुलीवरचं सोडून निघते. आईने तेच केलं, मी तेच केलं. बाळंतीण असताना सुद्धा मी तुझ्या मागे बसून आले आहे. त्या मुळाला तू बांबूच्या टेम्पोपुढे जुंपलंस.

मी गाडीत बसले नाही. प्रेमराजला पोटभर जेवू घातलं, कळण्याचं पीठ दिलं आणि रिकामा परत पाठवते आहे. आपल्या घरात मुराळी रिकामा परत गेलेला नाही, हे मला माहीत आहे. तो कोणी परत पाठवला, हे लोकांना सांगशील. तो कशासाठी पाठवला होता, हे मी सांगेन.

आजच आम्ही सगळ्या पालकांच्या सह्यांचा अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला.

प्रेमराजवर रागावू नकोस. त्या पोराला खोटं बोलता येत नाही. तेवढ्यापुरता तो आमच्या बाजूचा.
अक्का


जळगाव
ता. २७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
नमस्कार.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे, पण तुझ्या बाजूने लिहिते आहे असं समजू नकोस.

लग्न आता सोनगीरला, त्यांच्या दारी. त्यांनीच निरोप पाठवला की जिथे बायका अडवून बसल्या आहेत तिथे आम्ही वरात आणणार नाही. बाबांनी तो निरोप उभ्याने ऐकला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पत्रिका पुन्हा छापल्या. तुझं नाव नाही. मी विचारलं, तर म्हणाले की मूळ परत पाठवणारीला दुसरं मूळ जात नाही.

जुईचं मला कळतं. मीही तिच्याएवढी असताना त्याच शाळेत होते. पण तू बाबांना हरवलंस आणि बाबांनी तुला, आणि अक्षता टाकताना मी दोघांपैकी कोणाकडे बघू? न बोलावता येशील का, असं विचारणार होते. तुला ओळखते, म्हणून विचारत नाही.

पीठ मिळालं. भाकरी आईने केली. तुझ्यासारखी झाली नाही.
तुझी,
पुनम


शिक्षण संस्था कार्यालय, जळगाव
ता. १८ मार्च २०२५

श्रीमती प्रमिलाबाई पाटील यांस,
देवपूर, धुळे.

विषय: प्राथमिक शाळा, देवपूर येथील सुरक्षेबाबत.

महोदया,

आपण व इतर पालकांनी केलेल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, शाळेच्या मागील भिंतीचे बांधकाम पूर्ण करण्यात आले आहे. फाटकावर शाळेच्या वेळेत रखवालदार नेमला आहे. मधल्या सुट्टीनंतर वर्गवार मोजणी करण्याच्या सूचना मुख्याध्यापकांना दिल्या आहेत. शाळेच्या दिवशी मैदान कार्यास दिले जाणार नाही.

सबब, भिंतीलगत ठेवलेल्या खाटा पालकांनी तात्काळ उचलून न्याव्यात.

आपला विश्वासू,
अध्यक्ष


देवपूर, धुळे
ता. २२ मार्च २०२५

मा. अध्यक्ष महोदय,

आपले पत्र मिळाले. भिंत समक्ष पाहिली. पक्की आहे. वरचा थर वाकडा आहे, पण मुलं अडतात, टेम्पोही अडतो. रखवालदार गुरुवारी तंबाखू आणायला गेला होता, त्याला समज द्यावी. जेवणानंतरची मोजणी मी सलग तीन दिवस खिडकीबाहेर उभं राहून ऐकली. जुई तिसऱ्या नंबरला 'हजर' म्हणते, फार मोठ्याने.

खाटा आम्ही काल उचलल्या.

आपल्या कन्येचा विवाह सोनगीर येथे पार पडल्याचे लोकांकडून समजले. अभिनंदन. निमंत्रण नसल्याने उपस्थित राहता आले नाही. नवदांपत्यास आशीर्वाद कळवावेत, कोणाचे ते सांगण्याची गरज नाही.

मैदान पुन्हा दिले, तर आम्ही पुन्हा येऊ.

कळावे,
प्रमिला पाटील
(इयत्ता पहिलीतील विद्यार्थिनीची आजी)