आषाढात उसना दिलेला कोंबडा

चौल,
३ ऑगस्ट २०२५

चि. हरेश्वरास,

अनेक आशीर्वाद. द्यायची रीत आहे म्हणून दिले.

राखी या पाकिटात नाही. पाकीट उलटंपालटं करू नकोस, झटकून बघू नकोस. नाही म्हणजे नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा पावसात कुरकुरतो. आमच्या अमिषाला पनवेलला नोकरी लागली, शनिवार-रविवार घरी येते. वाडीत पाणी साचलंय, सुपारी गळतेय. झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू "ताई, रेंज न्हाय" म्हणून कट करतोस. कागद कट करता येत नाही. बस आणि वाच.

शुक्रवारी संध्याकाळी अमिषा आली. आल्या आल्या तिने फोनवर तुझ्या होमस्टेचा फोटो दाखवला. 'गटारी स्पेशल, अस्सल गावठी, चुलीवरची.' फोटोत तुझा आचारी सदा दात काढून उभा, आणि त्याच्या हातात उलटा लटकलेला माझा कोंबडा. माझा म्हणजे माझाच. उघडी मान, तांबडी पिसं आणि डाव्या पायाला आईच्या लुगड्याची हिरवी चिंधी. अरे मेल्या, ती चिंधी तरी सोडायचीस!

तुला काय सांगायचं चिंधीचं? तू त्याच घरात वाढलास. ज्याच्या पायाला चिंधी तो बियाण्याचा कोंबडा, त्याला सुरी लावायची नाही. पाहुणा येवो, जत्रा येवो, देवाला राखणीचा कोंबडा द्यायचा असो, दुसरा बघायचा. मुंबईचे मामा आले तेव्हा घरात तो एकच कोंबडा होता, तर आईने मामांना सुक्या जवळ्यावर जेवू घातलं. तू नऊ वर्षांचा होतास. कोंबडीवडे नाहीत म्हणून अंगणात गडाबडा लोळला होतास. तेव्हाचं आता वसूल केलंस वाटतं.

अकरा जुलैला तू आलास. गाडी चालूच ठेवलीस आणि फाटकाबाहेर उभा राहिलास. "ताई, चार कोंबड्या घेतल्यात. पाहुण्यांना पहाटे आरवणं ऐकायचं असतं, गावासारखं वाटलं पाह्यजे. पंधरा दिवस तुझा कोंबडा दे ना." मी फाटकावरून दिला. वर तीस अंड्यांचा ट्रे दिला पाहुण्यांच्या नाश्त्याला, फुकट. बजावलं होतं की पंधरा दिवसांनी तूच आणून द्यायचास, सदाला पाठवायचं नाही. "व्हय गं," म्हणालास.

सोळाव्या दिवशी मी फोन केला. "हाय ना, मस्त हाय. काय आरवतो!" असं म्हणालास तू. गटारी होऊन तीन दिवस झाले होते. कुठून आरवत होता रे? पाहुण्यांच्या पोटातून?

तुझ्यासाठी तो एक रस्सा होता. माझ्याकडे आज सात कोंबड्या आहेत आणि कोंबडा एकही नाही. एक तयार होत होता तो मे महिन्यात मुंगसाने नेला. अंडी पडतात, पण त्यांत जीव नाही, नुसती खायची. तू नागावच्या घरात पाहुण्यांच्या खोल्या काढल्यास, खुराड्याच्या जागी झोपाळा लावलास, तेव्हा आई माझ्याकडे आली. येताना एक ट्रंक आणि डालग्यात पाच कोंबड्या घेऊन आली. त्यांची ही जात. पाऊस संपून थंडी पडली की खुडूक कोंबडी हेरायची, डालग्यात पेंढा घालून तिच्याखाली अकरा अंडी ठेवायची. अवकाळी गडगडलं तर अंडी बिघडू नयेत म्हणून पेंढ्यात लोखंडी खिळा ठेवायचा. एकविसाव्या दिवशी पिल्लं. पहिले आठ दिवस कण्या आणि हळदीचं पाणी, घारीवर डोळा, शिमग्यापर्यंत पिल्लं हाताशी येतात. दर वर्षी हेच. आई गेल्यावरही मी एक वर्ष चुकवलं नाही. यंदा मार्गशीर्षात कोंबडीखाली काय ठेवू? तुझा तो फोटो?

गटारी तोंडावर असताना दुसऱ्याचा कोंबडा घरात आहे तर तो जपायचा असतो. श्रावण लागायच्या आधी अख्खं कोकण सुरी घेऊन फिरत असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला कळलं नाही.

भावोजी म्हणतात, कोंबड्यापायी सख्ख्या भावाला फाडून खातेस. खाते. भावाला चिंधी बांधलेली नाही.

तुळशी


चौल,
१६ सप्टेंबर २०२५

हरेश्वर,

तुझा कोंबडा पोचला. गणपतीच्या आधीच पोचला, पण सणात तोंड खराब करायचं नव्हतं म्हणून आज लिहिते.

शेवटी सदालाच पाठवलंस. तो फाटकाशी उभा, हातात पिशवी, पिशवीत पांढरा धोंडा. "दादांनी भरपाई दिलीय, ताई. लय भारी जातीचा हाय." भरपाई म्हणे! मी काय तुझ्यावर दावा लावला होता?

तरी मुकं जनावर, घेतलं. पंधरा दिवस न्हाणीघरात वेगळं ठेवलं, कारण बाहेरून आलेलं पाखरू मानमोडीचा रोग घेऊन आलं तर तो खुराडं रिकामं करून जातो. आम्ही पंधरा दिवस मागच्या पडवीत आंघोळ केली. मग त्याला सोडला. माझ्या कोंबड्यांनी पहिल्याच दिवशी त्याला फणसाखाली कोंडून घातला. पाऊस आला की उभा भिजतो, आडोशाला जायची अक्कल नाही. कावळा ओरडला की खुराड्यात पळतो. आणि अंगाने एवढा जड की कोंबडीवर चढला तर तिची पाठ सोलून निघते. दोघींना हळद-तेल लावून बसले आहे. याचं बियाणं मला नको. त्याच्या पिल्लांना मुंगूस दिसलं तर ती त्याला नमस्कार करतील.

भावोजी म्हणाले, "तुझ्या भावाने अगदी स्वतःसारखा पाठवलाय. दिसायला रुबाब, कामाला शून्य." मी त्यांच्यावरच खेकसले. तुला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे, त्यांचा नाही.

सदाला मी सोडला नाही. ओटीवर बसवला, चहा दिला, घावणे दिले आणि सगळं काढून घेतलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. पाहुण्यांनी नेटवर लिहिलं म्हणे, पहाटे चारला कोंबडा ओरडतो, झोप होत नाही, दोनच तारे. ज्यांना गावासारखं पाहिजे होतं तेच हे! कोंबडा काय नऊ वाजता चहा घेऊन आरवणार होता? आणि ते वाचून तू सदाला म्हणालास, "घे कापून, गटारी हाय." सदा म्हणाला, "दादा, पायाला चिंधी हाय." एका आचाऱ्याला कळलं! आणि तू काय म्हणालास ते त्याने मान खाली घालून सांगितलं. "आता कोण बघतंय?"

कोण बघतंय? मी बघतेय ना रे! आई गेली, मी मेले का?

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कोंबडा गेला त्याचं एक वेळ चालेल. पण "आता कोण बघतंय" म्हणताना तुझी जीभ कशी झडली नाही?

आज पितृपक्षातली आईची तिथी होती. पान ठेवलं. वालाचं बिरडं केलं, तिला आवडायचं तसं, जरा गुळचट. तू आला नाहीस. का आला नाहीस ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. दहाव्याच्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. विचारूही नकोस.

तुझा धोंडा परत पाठवत नाही. खाऊ दे बापडा दोन दाणे, त्याचा काय दोष.

तुळशी


चौल,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. हरेश्वरास आशीर्वाद.

या वेळचे मनापासून आहेत, पण लगेच हुरळून जाऊ नकोस.

काल कल्पिताचा फोन आला. तुझी बायको तुझ्यापेक्षा दहापट शहाणी आहे, हे मी लग्नातच म्हटलं होतं. तुला अजून तिने सांगितलेलं नाही, मला म्हणाली, "तुम्हीच सांगा ताई, मला भीती वाटते." तर ऐक.

मी दिलेल्या त्या तीस अंड्यांतली नऊ अंडी तिने काढून ठेवली होती. तुमची एक कोंबडी खुडूक होऊन सिलिंडरच्या खोलीत फुगून बसली होती, तिच्याखाली सरकवली. भर पावसाळ्यात. मी म्हटलं असतं वेडी आहेस, पावसात पिल्लं गारठून मरतात, आमच्यात कोणी बसवत नाही. चारच निघाली. एक मांजराने नेलं, तीन जगली. मी तुला पहिलं पत्र लिहीत होते त्याच आठवड्यात ती अंडी फुटत होती. आता दहा आठवड्यांची झाली. दोन माद्या आणि एक नर. उघडी मान, तांबडा, तुरा वर यायला लागलाय. परवा त्याने आरवायचा प्रयत्न केला, अर्ध्यात घोगरा झाला, असं सांगून ती हसत होती. तुझ्या घरात, तुझ्या नाकाखाली, सदापासून आणि तुझ्यापासून लपवून वाढवला बाईने.

मी फोन ठेवला आणि ओटीवर बसून हमसून हमसून रडले. भावोजी घाबरले, त्यांना वाटलं कोणी गेलं. मग रडणं थांबलं आणि पुन्हा राग आला. या वेळी तुझ्यावर नाही. तुझ्यावर आहेच, पण हा वेगळा.

पहिल्या पत्रात मी तुला अक्कल शिकवली. आषाढात कोंबडा जपायचा असतो वगैरे. अरे, आषाढात कोंबडा कोणी उसना देतच नाही! चाळीस वर्षं कोंबड्या पाळतेय, मांजराला दूध राखायला देईन पण आषाढात कोंबडा देणार नाही. गटारी बारा दिवसांवर होती. मला ठाऊक नव्हतं? होतं. तू फाटकाशी मागत होतास तेव्हाच मनात आलं होतं की हा गेला. तरी दिला. हाताने उचलून दिला.

कारण तू वीस महिन्यांनी आला होतास. गाडी बंदसुद्धा केली नव्हतीस. मला वाटलं, माझी एक वस्तू तुझ्याकडे राहिली तर ती परत करायला तू पुन्हा येशील. कोंबडा काही फाटकावरून फेकता येत नाही, आत येऊन खुराड्यात सोडावा लागेल. मग मी चहा ठेवीन. एवढाच माझा डाव होता. आईचं बियाणं मी त्या एका चहासाठी पणाला लावलं. तू कापलास, पण सुरीखाली मीच दिला.

आता दहाव्याचं.

आईने दुपारी जीव सोडला. तुला सकाळपासून सहा फोन केले होते. दिवाळीचे पाहुणे होते, खोल्या भरल्या होत्या, तू तिन्हीसांजेला पोचलास. नागावपासून अर्ध्या तासाचा रस्ता! ते मी माफ केलेलं नाही आणि करेन असंही वाटत नाही. म्हणून दहाव्याला, चार माणसांसमोर, म्हटलं मी. "आई मेल्यावर आलास, आता माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." तू मान खाली घालून चप्पल घातलीस आणि गेलास.

आणि ऐकलंस?

जन्मात माझं एक ऐकलं नाहीस तू! विहिरीच्या रहाटावर चढू नको म्हटलं, चढलास, हात मोडून घेतलास. आईची खोली पाहुण्यांना देऊ नको म्हटलं, दिलीस. आणि नेमकं हेच ऐकायचं होतं? रागाच्या भरात बहीण बोलली तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडायचं असतं, गाढवा. गेल्या भाऊबीजेला मी पाट मांडून उचलून ठेवला. भावोजींना सांगितलं, पाट धुवायला काढला होता.

पाकिटात हिरवी चिंधी आहे. आईच्या त्याच लुगड्याची, आता पदराचा एवढाच तुकडा उरलाय. ती कल्पिताला दे. त्या तांबड्याच्या डाव्या पायाला तिने स्वतः बांधायची आणि सदाला बोलावून दाखवायची. कोंबडा तिच्याकडेच वाढू दे. थंडी पडली की मी येऊन नेईन, तेव्हा तुझा पांढरा धोंडाही आणते. तो आरवत नाही, तुझ्या पाहुण्यांना सोसेल.

तेवीस तारखेला भाऊबीज आहे. तुझ्या खोल्या भरलेल्या असतील, माहीत आहे. कल्पिता म्हणाली, तेवढा एक दिवस ती बघेल. कोंबडा घेऊन येऊ नकोस. मला कोंबडा परत करायला येणारा माणूस नको. रिकाम्या हाताने ये. गाडी बंद कर, फाटकाची कडी आतून वर उचलावी लागते, विसरला असशील. आधी शिव्या खाशील, मग जेवशील. कोंबडीवडे मिळणार नाहीत. सुका जवळा आणि भाकरी मिळेल, लोळायचं असेल तर अंगण सारवून ठेवते.

राखी याही पाकिटात नाही. झटकून बघू नकोस. श्रावणापासून ती देवघरात, आईच्या फोटोमागे आहे. ती बांधायला मनगट लागतं, आणि ते टपालाने येत नाही.

वाट बघत नाहीये असं सगळ्यांना सांगणारी,
ताई