फळ्या आधी, फासळ्या नंतर

३ फेब्रुवारी, मंगळवार
शारजाहून येताना बस दोन तास अडकली. वर्कशॉपला पोचतो तर कुलकर्णीसाहेब दारातच. "मेस्त्री, ये क्या करके रखा है?" चार माणसांत साहेबांची हिंदी. एकटे असले की "काय मेस्त्री, बरं ना?" म्युझियमसाठी बांधतोय त्या जहाजाच्या मॉडेलच्या फासळ्या ड्रॉइंगशी जुळत नाहीत म्हणे. म्युझियमचा गोरा तज्ज्ञ फोटो बघून भडकलाय.
मोजून बघितलं. खरंच जुळत नाहीत.

४ फेब्रु.
चूक माझी. लिहूनच ठेवतो. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजांचं छोटं लढाऊ जहाज, दोन डोलकाठ्या, अठरा तोफा. मॉडेल दोन माणसांएवढं लांब. आतलं दिसावं म्हणून एक बाजू उघडी. ड्रॉइंगमध्ये आधी फासळ्यांचा सांगाडा, वर फळ्या. मी आधी फळ्या जोडल्या, मग आत बसतील तशा फासळ्या घातल्या. देवगडला आमची होडी अशीच बांधतात. बाबांनी तसंच शिकवलं, हात तसाच चालला. ड्रॉइंग समोर भिंतीवर होतं. डोळे काय गहाण ठेवले होते?
पण तीन आठवडे रोज येऊन फोटो कोण काढत होतं? "एक नंबर काम" कोण म्हणत होतं?

६ फेब्रु.
सकाळी गोऱ्याचा व्हिडिओ कॉल. साहेब इंग्रजीत बोलत होते, मला फक्त 'कारपेंटर' कळलं, पाच-सहा वेळा. पेंटर बिजूनं नंतर सांगितलं, "साब बोला, कारपेंटर ने किसी को पूछा नहीं."
रोज विचारत होतो रे! तोंडावर विचारत होतो!
दुपारी साहेबांनी कागद आणला. इंग्रजीत. बिजूनं वाचून सांगितलं, सगळी चूक माझी, साहेबांनी वेळोवेळी बजावलं होतं, वगैरे. साहेब हळूच मराठीत, "सही करा. व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय ना तुमचा?" धमकी पण किती गोड. करून सवरून नामानिराळे.
कागद घेऊन आलो. सही नाही केली.

८ फेब्रु., रवि.
सुट्टी. हिला फोन. म्हणाली, "अहो, करा ना सही, नोकरी तर राहील." सही केली तरी राहणार नाही, हे हिला कसं सांगू? तिच्यावरच ओरडलो. उगाच.

९ फेब्रु., सोम.
कागदाच्या पाठीमागे लिहिलं, "फळ्या आधी लावल्या, ही माझी चूक. कुलकर्णीसाहेबांनी तीन आठवडे रोज बघितलं आणि चांगलं म्हणाले, ही त्यांची." खाली सही. मराठीतच लिहिलं, इंग्रजी येतं कोणाला?
गोरा स्वतः आला होता, कागद त्याच्याच हातात दिला. त्यानं उलटसुलट केला, काहीतरी विचारलं. बिजू म्हणाला, "पूछ रहा है, क्या लिखा है." वर्कशॉपात मराठी वाचणारे मी आणि साहेब, दोघंच. गोऱ्यानं कागद साहेबांच्या हातात दिला.
साहेबांनी वाचला.
मग म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"
"इथेच थांबतो," म्हटलं. "त्यांना वाचून सांगा, साहेब."