साठ किलोचा माणूस

मुलुंड पूर्व,
१२ फेब्रुवारी

ती. हर्षददादास,

नमस्कार. तो रीत म्हणून.

पत्र बघून हसशील. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे. मिहिर ठीक आहे, आईचा गुडघा ठीक आहे, बाल्कनीतल्या कबुतरांचं तर मस्तच चाललंय. दिशावहिनीला आठवण सांग. नव्या गाडीबद्दल अभिनंदन.

ऋताच्या रक्तात शिसं निघालं हे तुला कळवलंच होतं. त्यावर तुझा मेसेज, 'पॅनिक होऊ नका, बॉर्डरलाइन आहे.' वा! पाच महिन्यांच्या भाचीची बॉर्डर तू अंधेरीत बसून आखलीस. डॉ. माधुरी म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाला त्यात सुरक्षित असं काही नसतं. ते मेंदूवर जातं, आणि किती गेलं ते ती बोलायला लागल्यावर, शाळेत जायला लागल्यावर कळेल. तोवर मी दिवसभर तिच्यासमोर खुळखुळा हलवते आणि ती बघते का ते बघत बसते. मला भीती वाटते रे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, दुधाशिवाय काय देता? मी म्हटलं, काही नाही. मिहिरही तेच म्हणाला. आई म्हणाली, पाण्याचा थेंबसुद्धा नाही हो. गुटी कुणाच्या डोक्यातच आली नाही. गुटीला आपल्याकडे खाणं कोण म्हणतं? रोज बाळाची आंघोळ झाली की आई सहाण घेऊन बसायची. वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, प्रत्येकाचे एकदोन वेढे माझ्या दुधात उगाळायचे आणि चमच्याने तोंडात. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा खोदून विचारलं तेव्हा आईला आठवलं. मग त्यांनी सगळंच तपासायला पाठवलं. बाकी सगळं स्वच्छ निघालं. हळकुंडांना मात्र पिवळीधमक दिसावीत म्हणून शिशाचा रंग चोळलेला.

हळकुंडं कुठली, ते इतका वेळ टाळलं, कारण लिहिताना डोकं फिरतं. बारशाला तू आणलेल्या, तुझ्या त्या हळद कंपनीच्या सोनेरी डब्यातली. आत पत्रक, पत्रकावर टाय लावलेला तुझा फोटो, खाली 'तज्ज्ञांच्या मते सुरक्षित' आणि तुझी सही. श्रीखंड चाटत तू आम्हाला लेक्चर दिलंस, 'शिसं थोडंफार सगळ्यातच असतं गं. साठ किलोच्या माणसाने रोज चमचाभर हळद जन्मभर खाल्ली तरी धोका नगण्य.' आम्ही येड्यासारख्या माना डोलावल्या. आई तर शेजारच्या चंपाताईंना सांगत सुटली, माझ्या मुलाने पास केलेली हळद आहे म्हणून. आणि तू तपासलंस काय? कंपनीने हातात ठेवलेली पूड. हळकुंडं का नाही तपासलीस विचारलं, तर म्हणतोस, 'ते स्कोपमध्ये नव्हतं.' तान्ही बाळंही नसतील स्कोपमध्ये. कोण रे हा तुझा साठ किलोचा माणूस? त्याने किती पैसे दिले तुला?

तेही एक वेळ गिळलं असतं. पण परवा तू आईला फोन केलास आणि म्हणालास, 'तुझे हे जुने प्रकार आता बंद कर. आजकाल गुटी कोण देतं?' शाब्बास! डबा तुझा, सही तुझी आणि खापर तिच्या डोक्यावर. तेव्हापासून ती ऋताला मांडीवर घेत नाही. पोर झेपावते आणि ही म्हणते, 'माझे हात नकोत गं तिला.' सहाण धुऊन माळ्यावर टाकलीये. किळस येते मला तुझी, दादा.

अन्नखात्याकडे तक्रार केली आहे, पत्रक जोडून. 'माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस' म्हणे! फोटो तूच हौसेने छापून घेतलास ना?

पुढच्या महिन्यात ऋताचं उष्टावण आहे. पहिला घास मामाने भरवायचा, आणि आई अजून म्हणते, काही झालं तरी हर्षदलाच बोलव. ठीक आहे, ये. आलास की आधी आईसमोर बस आणि सगळ्यांदेखत सांग, चूक माझी, तुझी नाही. तिने नातीला मांडीवर घेतलं की मगच खिरीच्या वाटीला हात लाव. जमणार नसेल तर अंधेरीतच थांब. घास आई भरवेल. नको नको म्हणाली तरी तिचा हात धरून मी भरवून घेईन.

तुझ्या हिशेबात कुठेच नसलेल्या, साडेपाच किलोच्या ऋताची आई,
रेवती