मला पांढरी राख पाहिजे होती

माय,

तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. मी आता पॉलिटेक्निकमध्ये मुलांना काँक्रीट शिकवते. आपल्या गोंदियात राइस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याच्या राखेचे ढीग पडलेले असतात ना, ती राख नीट जाळली तर सिमेंटमध्ये मिसळता येते, हाही एक धडा आहे. तुला काय सांगायचं म्हणा! माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तूच मिलमधून पोतंभर राख आणलीस, कुडव्याच्या आपल्या घरापर्यंत डोक्यावर.

ती बॉयलरची राख, काळीकुट्ट. सर म्हणाले, काळी चालायची नाही. तू भात वैरत होतीस, तेव्हा मी दारातूनच म्हटलं, "मले पांढरी पाहिजे." एवढंच. दुसऱ्या दिवशी तू कामाला खाडा केलास, राख मडक्यांत भरलीस आणि वीटभट्टीवाल्याच्या हातापाया पडून पेटत्या भट्टीत ठेवून आलीस. आठ-दहा दिवसांनी दारात उभी आहेस, भुवयांपर्यंत माखलेली, आणि हसून राहिली आहेस. "पाय ना वं, कशी निघाली! तांदराच्या पिठावानी पांढरीफेक!"

मीही हुरळले. ठोकळे पाडले, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवले, आणि मशीनवर ते बिस्किटासारखे फुटले. सरांनी विचारलं, आच किती दिली? भट्टीच्या आचेत राख मरते, तिची नुसती रेती होते, सिमेंटला काही ती धरत नाही. मी तशीच तणतणत तुझ्या मिलवर आले. तू बायकांबरोबर अंगणात उकडलेला उसना धान वाळायला पसरत होतीस. सगळ्यांसमोर ओरडले, "तुले कायले अक्कल चालवाची होती? अडाणी ते अडाणीच!" तू पावडं खाली ठेवलंस. म्हणालीस, "मले का मालूम बाई, जास्त जरली तं मरते म्हून." आणि पुन्हा पसरायला लागलीस. पुढे दुसऱ्या राखेवर प्रोजेक्ट निभावलं, नोकरी लागली, तुला साड्या घेतल्या. माफी मागू मागू म्हणता तू गेलीस.

दरवर्षी तो धडा आला की मी गंमत सांगते, एका बाईने चांगली राख भट्टीत घालून मारली. मुलं हसतात. ती बाई माझी माय, हे कधी सांगत नाही. काल बिरसीहून येणारी एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, त्या बाईले किती आच द्याची ते कोणं सांगतलं होतं का?"

मी फळा पुसत म्हटलं, "सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही."

आचेचा आकडा सरांनी आधीच माझ्या वहीत लिहून दिला होता, माय. तुला काय कळणार, म्हणून मी तो वाचून दाखवला नाही.