गुरुवारच्या सुनावणीआधी

प्रिय लोवेल,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीनं पडलाय, त्याचा भलता अर्थ लावू नकोस. ईमेल वाचून न वाचल्यासारखं करायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून कागद.

बाबा आता काठी घेऊन दारापर्यंत जातात. डोकं शाबूत आहे, पण शब्द अर्ध्यात अडकतो आणि ते चिडतात. उजव्या हातात चमचा धरवत नाही. मी मक्याचा पाव दुधात कुस्करून भरवते, तेव्हा माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहतात. चाळीस वर्षं बर्फात खांबांवर चढून ज्यानं या दरीत फोनच्या तारा ओढल्या, तो माणूस! तू वॉशिंग्टनला दूरसंचार खात्यात लागलास तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते, "आता कंपनीवाल्यांचे कान पिळायला आमचा लोवेल बसलाय." लोक हसायचे. मीही हसायचे, अभिमानानं.

ऑक्टोबरच्या दोन तारखेला घरचा फोन मेला. त्या रेडिओ दुर्बिणीला लहरींचा अडथळा नको म्हणून आपल्याकडे मोबाईलचा मनोरा उभा राहू देत नाहीत, तार गेली की माणूस तुटला, हे तुला सांगायला नको. फोन कंपनी म्हणाली, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील. मी वाचनालयात जाऊन तुमच्या खात्याकडे तक्रार भरायला बसले, तर पडद्यावर पाटी: सरकारी कामकाज बंद असल्यामुळे तक्रारी स्वीकारल्या जात नाहीत. खर्चाचं विधेयक अडल्यामुळे आदल्याच दिवशी सरकारला कुलूप लागलं होतं. डोंगर ओलांडून पेट्रोल पंपावर गेले, तिथून तुला फोन लावला. तू म्हणालास, "ओपल, मला घरी बसवलंय. ऑफिसचा लॅपटॉप उघडला तरी गुन्हा होतो." म्हटलं, कंपनीत ओळखीचं कुणी असेल तर एक शब्द टाक. "छे, नियमात बसत नाही ते. कुलूप निघालं की पहिली तक्रार तुमचीच घेतो. देवाशपथ."

दिवसा बाबा एकटे नकोत म्हणून शेजारचा क्लीटस त्यांना गावातल्या स्वतःच्या लेकीकडे न्यायला आला होता. बाबा जागचे हलले नाहीत. "कशाला? लोवेल बघतोय ना!"

फोन बंद पडल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर होते. तीन वाजता घरी आले, तर ते फोनखाली पडलेले आणि रिसीव्हर छातीवर. किती वेळ त्या मेलेल्या फोनशी झगडले असतील, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, "चार तास आधी आणायला हवं होतं, बाई."

तू आलास, दोन दिवस राहिलास, हॉस्पिटलातल्या कॉफीच्या यंत्राजवळ उभा राहून रडलास. तुला खोटं वाटेल, पण तेव्हा मी तुला जवळजवळ माफ केलं होतं. नियमापुढे बिचाऱ्याचा काय इलाज, असं मनाला समजावत होते. आणि कुलुपाच्या पाचव्या आठवड्यात तू त्याच कंपनीत नोकरी धरलीस! पगार थांबला होता, पदरात दोन मुली, हे मला कळतं. दुसरीकडे कुठंही गेला असतास तर मी तोंड उघडलं नसतं. पण बापासाठी ओळखीच्या माणसाला फोन करणं नियमात बसत नव्हतं, आणि स्वतःच्या नोकरीसाठी बरोबर बसलं?

आता लिहिण्याचं कारण सांगते. कंपनीला दरीतले फोन कायमचे बंद करायचेत. त्यावर गुरुवारी काउंटीच्या कोर्टात सुनावणी आहे. काल नोटीस आली, कंपनीतर्फे बाजू मांडणाऱ्याच्या जागी तुझं नाव. दरीतर्फे पहिले साक्षीदार बाबा. मी ती त्यांना दोनदा वाचून दाखवली. ते अडखळत म्हणाले, "त्याला लिही... येऊ नको म्हणावं. चारचौघांत... माझ्या तोंडून... त्याची शोभा नको." त्यांचा निरोप पोचवला, माझं काम झालं. पण मी तुझा बाप नाही, लोवेल. तू ये. बाबांच्या अगदी समोर बस, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य पुरं होईपर्यंत थांब. वेळ लागेल.

तुझीच म्हणवत नाही, पण बहीण तुझीच,
ओपल